अवजड वाहनाचा चालक होताना: शिकण्याचा योग्य क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

इंदूरमध्ये अवजड वाहनाचा चालक होऊ पाहणारा तरुण बहुधा उलट्या क्रमाने शिकतो. आधी तो ओळखीच्या एजंटाकडे कागद देतो, मग ओळखीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढतो, रात्री दोन वाजता मोकळ्या रस्त्यावर उस्तादाने ‘धर जरा वेळ’ म्हटले की स्टिअरिंग हातात घेतो, आणि गाडी पुढे जाते एवढ्यावरून आपल्याला ती चालवता येते असे त्याला वाटू लागते. वास्तविक गाडी पुढे नेणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. निघण्यापूर्वी ती तपासणे, हवी तेथे थांबवणे, मागे घेणे आणि भरल्या वजनाने उतारावरून खाली आणणे ही चार कामे मात्र कोणी शिकवत नाही आणि तीच पुढे जिवावर बेततात. राजेंद्रनगर किंवा सुदामानगरमधील मराठी घरांतून मला नेहमी विचारले जाते ते एवढेच: ‘हेवीचे लायसन्स किती दिवसांत निघेल?’ पुढील टप्पे या प्रश्नाचे उत्तर देतात, पण परवान्यापाशी थांबत नाहीत.

## टप्पा १: पात्रता आणि कागद

व्यावसायिक, म्हणजे परिवहन संवर्गातील, वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याशिवाय हलक्या मोटार वाहनाचा पक्का परवाना किमान एक वर्ष हाती असल्याखेरीज परिवहन वाहनाचा शिकाऊ परवानाच मिळत नाही. त्यामुळे अठराव्या वर्षी मोटारीचा परवाना काढून ठेवणाऱ्याचे काम सुरळीत होते. विसाव्या वर्षी जागे होणाऱ्याचे आणखी वर्षभर तरी रखडते. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली आहे, तरीही काही एजंट तिच्या नावाखाली पैसे मागतात.

अर्जासोबत नोंदणीकृत डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र (नमुना १-अ) लागते आणि चाचणीच्या वेळी प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र (नमुना ५) लागते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो व तो मिळाल्यापासून ३० दिवस उलटल्याशिवाय चाचणी देता येत नाही. हे तीस दिवस वाट पाहण्यासाठी दिलेले नाहीत, शिकण्यासाठी दिलेले आहेत. अर्ज करण्यापूर्वीच प्रशिक्षणाच्या तारखा ठरवल्या, तर ते वाया जात नाहीत. पक्का परिवहन परवाना एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतो.

लहान मालवाहू गाड्यांविषयी एक गोंधळ कायम आढळतो. एकूण भारित वजन ७,५०० किलोच्या आत असलेले परिवहन वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर, वेगळी नोंद न करता, चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. ज्याला केवळ छोटा हत्ती किंवा पिकअप चालवायची आहे त्याने अवजड परवान्यामागे धावण्याची गरज नाही. मात्र हा निर्णय कायदेशीर पात्रतेपुरता आहे. भरलेली सात टनी गाडी मोटारीसारखी थांबत नाही, म्हणून चौथ्या टप्प्यापासूनचे सर्व काही अशा चालकालाही लागू आहे.

चूक: वैद्यकीय प्रमाणपत्र तपासणी न करता शिक्का मारून घेणे. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपणे, डावीकडचे उशिरा दिसणे, मधुमेह, घोरणे आणि दिवसा झोप येणे या गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगाव्यात. कागदावर लपवलेला दोष गाडीच्या काचेपुढे लपत नाही.

## टप्पा २: प्रशिक्षण संस्था निवडताना

मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची नवी व्यवस्था १ जुलै २०२१ पासून लागू आहे. तिच्यात मध्यम व अवजड वाहनांसाठी ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरवलेला असून तो जास्तीत जास्त सहा आठवड्यांत पूर्ण करायचा असतो. अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्यास आरटीओमध्ये पुन्हा गाडी चालवण्याची चाचणी द्यावी लागत नाही. ही सवलत अनेकांना एवढी गोड वाटते की केंद्राची मान्यता पाहिली जाते आणि केंद्रातील गाडी पाहायची राहते.

पैसे भरण्यापूर्वी एकदा स्वतः जाऊन सकाळचा एक वर्ग पाहावा. एका गाडीत किती शिकाऊ बसतात, हे मोजावे. सहा जण बसून तासभर गाडी फिरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटे येतात, वहीत मात्र सहाही जणांचा एक-एक तास लिहिला जातो. प्रशिक्षकाच्या बाजूला वेगळा ब्रेक आहे का, गाडीला हवेचे ब्रेक आहेत का आणि ती कधी भरलेली असते का, हे विचारावे. रिकाम्या गाडीवर शिकलेला चालक पहिल्याच भरल्या फेरीत सिग्नलच्या रेषेपुढे जाऊन थांबतो, कारण त्याच्या पायाला रिकाम्या गाडीचे अंतर पाठ झालेले असते. संस्थेकडे भरलेली गाडी नसेल, तर किमान काही तास ओळखीच्या मालकाच्या भरलेल्या गाडीत अनुभवी चालकाशेजारी बसून नुसते निरीक्षण करण्याची सोय स्वतः करून घ्यावी.

तपासणी: आपण प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किती मिनिटे बसलो, हे रोज आपल्या वहीत लिहावे. संस्थेच्या वहीशी ते जुळत नसेल, तर प्रमाणपत्रावर सही घेण्यापूर्वीच बोलावे.

## टप्पा ३: उभ्या गाडीचे काम

पहिले चार-पाच दिवस इंजीन सुरू न करता शिकण्यात गेले, तर ते वाया गेले असे समजू नये. देवास नाक्यावर किंवा लोहामंडीत माल भरून घेणारे जुने चालक गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय चढत नाहीत. नवे चालक थेट दार उघडतात.

फेरीचा क्रम नेहमी तोच ठेवावा, म्हणजे काही राहिले तर हाताला आपोआप जाणवते. चालकाच्या दारापासून निघावे, पुढून डावीकडे यावे, मग मागून उजवीकडे, आणि पुन्हा दारापाशी. पुढे जमिनीवर तेल, कूलंट वा डिझेलचे डाग आहेत का, हे पाहावे. प्रत्येक चाकाच्या नटाभोवती गंजाची ओघळ दिसली, तर तो नट सैल झाल्याची ती खूण असते. मागच्या जोडचाकांत हवा आहे की नाही, हे नजरेने कळत नाही, कारण एक टायर बसला तरी दुसरा वजन उचलून धरतो. म्हणून दोहोंवर लोखंडी टोमी (पहारीसारखा दांडा) मारून आवाज ऐकावा आणि मधल्या फटीत दगड अडकला नाही ना, हेही पाहावे. टायरवरील झिजेच्या खुणेपर्यंत रबर आलेले असेल, तर तो टायर बदलायचा. पाट्याचे (स्प्रिंगचे) पान तुटलेले, मागचा दिवा फुटलेला, परावर्तक पट्टी चिखलाने झाकलेली, माल एका बाजूला झुकलेला, ताडपत्रीची दोरी लोंबणारी: यांपैकी एकही गोष्ट दुरुस्तीला पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ घेत नाही, पाटा आणि झुकलेला माल सोडला तर.

त्यानंतर हवेच्या ब्रेकची तपासणी. गाडी सपाट जागी, चाकांना गुटके (चाक अडवणारे ठोकळे) लावून उभी करावी. इंजीन चालू ठेवून टाकीतील हवा पूर्ण भरू द्यावी, मग इंजीन बंद करून ब्रेकचे पेडल दाबून धरावे आणि हवेच्या दाबाच्या काट्याकडे पाहत कान द्यावेत. काटा खाली सरकत राहिला किंवा फुसफुस ऐकू आली, तर गळती आहे. त्यानंतर पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा मुद्दाम कमी करावी. कमी दाबाचा इशारा वाजलाच पाहिजे. तो वाजत नसेल, तर ती गाडी घाटात न्यायची नाही. पुन्हा हवा भरून हँडब्रेक लावलेल्या स्थितीत पहिल्या गिअरमध्ये हलका ओढा द्यावा आणि गाडी जागची हलत नाही ना, हे पाहावे. शेवटी चालण्याच्या वेगाने दहा फूट जाऊन एकदा पायाचा ब्रेक लावावा. हवेच्या टाकीतील पाणी काढण्याचे काम रोजचे आहे. ते मेकॅनिककडे जाईपर्यंत ठेवायचे नसते.

कागदांत नोंदणी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी आणि स्वतःचा परवाना यांच्या तारखा एकदा पाहाव्यात. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधील प्रती ग्राह्य असतात, पण मोबाइलची बॅटरी संपल्यावर त्या दाखवता येत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

इशारा: जादा भार ही मालकाची बाब आहे, असे समजू नये. कायद्यात त्यासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे, व जादा माल उतरवेपर्यंत गाडी थांबवून ठेवता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ब्रेक गाडीच्या मंजूर वजनासाठी बनवलेले असतात, मालकाच्या भाड्यासाठी नव्हे.

## टप्पा ४: मैदानावर थांबणे, मागे घेणे, वळणे

आता इंजीन सुरू करावे, पण रस्त्यावर जाऊ नये. आधी आसन आणि आरसे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा, आणि आरशात गाडीच्या कडेची बारीक पट्टी दिसावी. आरसे चालत्या गाडीत बसवण्याची सवय ज्याला लागते त्याची कधीच सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

थांबण्याचा सराव ठरावीक खुणेवर करावा. ताशी २० किलोमीटर वेगाने येऊन पाण्याच्या बाटलीपाशी पुढचा बंपर आणून उभा करणे, हे सोपे वाटते आणि पहिल्या दिवशी कोणालाही जमत नाही. ते जमल्यावर ३०, मग ४०. अंतरे कशी वाढतात, हे समजण्यासाठी साधा हिशेब पुरतो. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर भरलेल्या गाडीचे चांगले ब्रेक गृहीत धरले, तर ताशी ४० वेगात गाडी सुमारे ३२ मीटरमध्ये थांबते, ६० वर सुमारे ६० मीटरमध्ये आणि ८० वर सुमारे ९५ मीटरमध्ये. वेग दुप्पट झाला की अंतर जवळजवळ तिप्पट होते. गाडीला एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल, तर आणीबाणीत पेडल दाबून धरायचे असते. जुन्या गाडीच्या सवयीने ते पुन्हा पुन्हा सोडून दाबणाऱ्याला एबीएसचा उपयोग होत नाही.

मागे घेताना होणाऱ्या चुकांचे मूळ बहुतेक वेळा घाईत नसून विश्वासात असते. एका गोदामाच्या आवारात मी क्लीनरच्या ‘आने दो, आने दो’वर विसंबून गाडी मागे घेत होतो. तो बिचारा इमानाने मागच्या चाकांकडे आणि जमिनीकडे पाहत होता. वर पुढे आलेल्या पत्र्याच्या छपराकडे आम्हा दोघांपैकी कोणाचेच लक्ष नव्हते. पत्रा फाटला, ताडपत्री फाटली आणि त्या दिवसाचे भाडे गेले. तेव्हापासून माझा नियम असा: मागे घेण्यापूर्वी स्वतः उतरून मागची जागा खाली, बाजूला आणि वर अशी तिन्हीकडे पाहायची, मदतनीस चालकाच्या बाजूच्या आरशात दिसत राहील अशा जागीच उभा राहील, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी गाडी थांबवायची, तो ओरडत असला तरी.

वळताना लांब गाडीची मागची आतली चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती कोपरा कापतात. मैदानावर कोपऱ्यावर तीन-चार बाटल्या मांडून डावे वळण घ्यावे आणि कोणती बाटली पडते, हे उतरून पाहावे. शहरातील डाव्या वळणावर त्या बाटलीच्या जागी दुचाकीस्वार असतो.

तपासणी: बाटली न पाडता सलग पाच वेळा डावे वळण, आणि न उतरता नव्हे, हवे तितक्या वेळा उतरून, एकदा नीट मागे लावणे. हे जमल्याशिवाय पाचव्या टप्प्याकडे जाऊ नये.

## टप्पा ५: शहर

शहरातील सराव रविवारी सकाळी सहाच्या सुमारास, दुकाने उघडण्यापूर्वी, रुंद रस्त्यांवर सुरू करावा: आधी सुपर कॉरिडॉर, मग रिंग रोड. भंवरकुआँ किंवा विजयनगरचा चौक गर्दीच्या वेळी शिकाऊ हातात देणाऱ्या प्रशिक्षकाला नकार देण्यात काही वावगे नाही. मालवाहू गाड्यांच्या शहरप्रवेशाच्या वेळा वाहतूक पोलीस ठरवतात व त्या बदलतात, म्हणून प्रत्येक नव्या मार्गाआधी त्या विचारून घ्याव्यात.

येथे शिकायचे ते मुख्यतः न दिसणाऱ्या जागांविषयी आहे. केबिनच्या अगदी पुढे, डाव्या दाराच्या खाली आणि गाडीच्या मागे अशा तीन जागी उभा असलेला माणूस चालकाला दिसत नाही. प्रशिक्षकाने एका शिकाऊला या तिन्ही जागी उभे करून दुसऱ्याला आसनावर बसवावे. दहा मिनिटांच्या या प्रयोगाने जे समजते ते तासभर सांगून समजत नाही. सिग्नल हिरवा झाल्यावर लगेच न निघता आधी डावा आरसा, मग समोरची काच, मग उजवा आरसा असे एकदा पाहून मगच क्लच सोडावा, कारण ई-रिक्षा आणि दुचाकी नेमक्या त्याच सेकंदात पुढे घुसतात. वर्तुळाकार चौकात आधीपासून फिरत असलेल्या वाहनाचा हक्क पहिला असतो. आपली गाडी मोठी आहे म्हणून तो बदलत नाही.

चूक: चौकात सरळ जायचे आहे म्हणून चारही इशारादिवे लावणे. डावीकडून पाहणाऱ्याला त्यांपैकी डावाच दिवा दिसतो आणि उजवीकडून पाहणाऱ्याला उजवा, त्यामुळे दोघेही चुकीचा अर्थ काढतात. सरळ जाण्यासाठी कोणताही दिवा लावायचा नसतो.

## टप्पा ६: महामार्ग, रात्र आणि माळव्याचा पाऊस

राऊ ते मांगलिया हा बायपास पहिल्या महामार्ग-सरावासाठी बरा आहे. पुढच्या गाडीपासूनचे अंतर मीटरमध्ये मोजता येत नाही, म्हणून ते सेकंदांत मोजावे: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मोजायला सुरुवात करावी आणि आपण त्या खांबापाशी चार सेकंदांच्या आत पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. ताशी ६० वेगात चार सेकंद म्हणजे सुमारे ६७ मीटर होतात. पावसात हे सेकंद सहा करावेत. मालवाहू वाहनांना चौपदरी रस्त्यावर ताशी ८० व इतर रस्त्यांवर ताशी ६० ही कमाल मर्यादा आहे. जागेवरचा फलक त्याहून कमी सांगत असेल, तर फलक खरा.

ओलांडण्याबाबत एक घातक प्रथा आपल्याकडे आहे. पुढच्या ट्रकने उजवा इशारा दिला, तर काही जण त्याचा अर्थ ‘या, रस्ता मोकळा आहे’ असा घेतात आणि काही जण ‘मी उजवीकडे वळतो आहे’ असा घेतात. ज्या खुणेचे दोन अर्थ आहेत तिच्यावर विसंबून ओलांडू नये. स्वतःला पुढचा रस्ता दिसला तरच ओलांडावे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या ट्रॉल्या छावणी आणि लक्ष्मीबाईनगरच्या मंडीकडे निघतात. त्यांतील बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि रात्री त्या अचानक समोर उभ्या दिसतात. आपल्या डिपरच्या, म्हणजे खालच्या दिव्याच्या, उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, एवढाच वेग रात्री ठेवावा. हे वाक्य सर्वांना पाठ असते. मोजून पाहिलेले मात्र फार थोडे असतात. रिकाम्या रस्त्यावर एकदा डिपरचा उजेड कोठवर पडतो, ते पावलांनी मोजावे आणि चौथ्या टप्प्यातील अंतरांशी ताडून पाहावे. ताशी साठचा वेग तेथे बहुधा जास्त ठरतो.

पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल आणि धूळ मिसळून निसरडे होते, आणि शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती त्यात भर घालते. भरलेल्या गाडीची डावी चाके ओल्या काळ्या मातीच्या बाजूपट्टीवर उतरवू नयेत. वरून टणक दिसणारी ती जागा वजनाखाली खचते आणि गाडी हळूहळू एका अंगाला कलते. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात खालचा दिवा लावावा; वरचा लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते.

## टप्पा ७: घाट

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे आणि दक्षिणेकडे जाणारा प्रत्येक मोठा रस्ता पठार सोडून निमाडात उतरतो: खंडवा रस्ता सिमरोल-चोरळच्या बाजूने, आणि आग्रा-मुंबई रस्ता मानपूर व गणेश घाटाच्या बाजूने धामनोदकडे. गणेश घाटातील ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या इंदूरकरांना नव्या नाहीत. तेथे ब्रेक ‘फेल’ होतात असे म्हटले जाते, पण बहुतेक वेळा ते तापवून निकामी केलेले असतात.

याचा हिशेब असा. २५ टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरतो तेव्हा जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, ती त्याच ट्रकला ताशी ६० वेगातून पूर्ण थांबवण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे सातपट असते. म्हणजे दर शंभर मीटर उतरणीला जणू सात वेळा साठवरून शून्यावर यायचे. ही सगळी ऊर्जा ब्रेकचा ड्रम आणि त्यावर घासणारे लायनर यांच्यात घातली, तर ते तापून पकड सोडणारच. म्हणून उतरताना गाडी धरून ठेवण्याचे काम इंजिनाचे असते आणि ब्रेकचे काम अधूनमधूनचे असते.

क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. उतार सुरू होण्यापूर्वी सपाट जागी थांबून ब्रेक, हवेचा दाब आणि मालाची बांधणी पाहावी. तेथेच खालचा गिअर निवडावा. तोच घाट त्याच भाराने चढताना जो गिअर लागला असता तो, किंवा त्याच्याही खालचा. उतारात मध्येच गिअर बदलण्याचा प्रयत्न करू नये, कारण वेग वाढलेला असताना खालचा गिअर पडत नाही, वरचा सुटलेला असतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये धावू लागते. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक, चालू ठेवावा. तरीही वेग ठरवलेल्या मर्यादेवर गेला, तर पायाचा ब्रेक एकदा ठामपणे लावून वेग दहाएक किलोमीटरने खाली आणावा आणि पाय पूर्ण काढून घ्यावा. पुन्हा वाढला की पुन्हा तसेच. हलका पाय सतत ठेवून उतरणारा चालक काळजीपूर्वक चालवतो आहे असे दिसते, पण ब्रेक तापवणारा तोच असतो. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ देण्याचा नियम आहे, तेव्हा उतरणाऱ्याने थांबावे.

डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणे ही या रस्त्यांवरील सर्वांत जुनी आणि सर्वांत चुकीची शिकवण आहे. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असताना आणि अॅक्सिलरेटरवर पाय नसताना डिझेलचा पुरवठा बंद होतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजीन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे वाचत काहीच नाही. इंजीनच बंद करून उतरणाऱ्याची हवा भरली जात नाही आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते.

लायनर जळल्याचा वास आला किंवा पेडलची पकड कमी वाटली, तर पुढच्या वळणाची वाट न पाहता पहिल्या सुरक्षित रुंद जागी थांबावे, चाकांना गुटके लावावेत आणि ड्रम आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, त्याने ड्रमला तडे जातात. थांबण्याआधीच ब्रेक गेले, तर गिअर सोडू नये, इंजीन बंद करू नये, हॉर्न आणि दिवे चालू ठेवावेत, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी दरीकडे न नेता डोंगराच्या बाजूला घासत न्यावी. सुटका-रस्ता (ब्रेक गेलेली गाडी थांबवण्यासाठी काढलेला फाटा) बांधलेला असेल, तर त्यात घालावी.

तपासणी: घाटाचा सराव आधी रिकाम्या गाडीने, मग अर्ध्या भाराने आणि शेवटी पूर्ण भाराने, तिन्ही वेळा अनुभवी चालक शेजारी असताना आणि दिवसाउजेडी. खाली पोहोचल्यावर हात जवळ नेऊन प्रत्येक ड्रमची उष्णता अजमावावी, स्पर्श करू नये. एकच ड्रम जास्त तापला असेल, तर तेथील ब्रेकची जुळणी बिघडलेली आहे.

## टप्पा ८: झोप आणि तास

दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे माप १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून चालत आलेले आहे. गाडी स्वीकारतानाच मालकाशी पोहोचण्याची वेळ बोलून घ्यावी. रस्त्यात फोनवर बोललेले मान्य होत नाही. चहा, गुटखा, मोठ्या आवाजातील गाणी आणि उघडी खिडकी यांनी झोप जात नाही, फक्त ती आल्याचे कळेनासे होते. मागचे दोन किलोमीटर आठवत नसतील किंवा चाके पांढऱ्या पट्टीवर जाऊन आवाज आला असेल, तर ढाब्यावर थांबून वीस मिनिटे झोपावे. सर्दीची काही औषधेही झोप आणतात, हे विकत घेतानाच विचारावे. दारूची कायदेशीर मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. कामावर असलेल्या चालकाने ती शून्य मानावी.

## टप्पा ९: बिघाड किंवा अपघात झाल्यास

गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, इशारादिवे लावावेत, गुटके लावावेत आणि परावर्तक त्रिकोण गाडीपासून पुरेसा मागे, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे, ठेवावा. दगड मांडून ठेवू नयेत. गाडी निघून जाते, दगड रस्त्यावरच राहतात.

माणूस जखमी असेल, तर आधी १०८ किंवा ११२ वर फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकही चालतो. जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. जमावाच्या रागामुळे तेथे थांबणे अशक्य झाले, तर कायद्याने त्याची दखल घेतलेली आहे, पण अशा वेळीही जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन स्वतः कळवावे. मदत करणाऱ्या वाटसरूला कायद्याचे संरक्षण आहे, हे त्यालाही सांगावे. रस्ता अपघातातील जखमींसाठी २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोखरहित उपचाराची योजना आहे. रुग्णालयात तिचा उल्लेख जरूर करावा.

## टप्पा १०: नोकरीचे पहिले तीन महिने

नव्या चालकाने कामाला लागल्यावर पहिला महिना दिवसाच्या व ओळखीच्या मार्गावरच्या फेऱ्या मागाव्यात, दुसऱ्या महिन्यात एक-दोन रात्रीच्या, आणि घाटाची एकट्याने पहिली फेरी तिसऱ्या महिन्यात. बरेच मालक हे ऐकत नाहीत. पण ज्यांच्या गाड्या वर्षानुवर्षे धड राहिल्या आहेत, ते ऐकतात.

एक छोटी वही केबिनमध्ये ठेवावी. तिच्यात रोज फेरीपूर्व तपासणीची वेळ, भार, घाटात वापरलेला गिअर, कोठे ब्रेकचा वास आला, कोणत्या चाकात हवा भरली आणि किती तास झोप झाली, एवढे पाच-सहा ओळींत लिहावे. गाडी दुसऱ्या चालकाच्या हाती देताना ती वही घरी न नेता किल्लीसोबत त्याच्याकडे द्यावी, आणि आदल्या दिवशीच्या नोंदीतले काय दुरुस्त झाले नाही, ते तोंडी सांगावे.